काकूंच्या उजव्या हाताचा चाकू

त्या घरातली एकही वस्तू जिकडे उघडायला हवी तिकडे उघडत नसे. फाटकाची कडी वर उचलण्याऐवजी खाली ओढावी लागे, नळ उलटे फिरत, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीची खिटी बाहेरच्या बाजूला होती. ही सगळी आमच्या घरमालकांची करणी. हुडकेश्वरला त्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला गेले त्या दिवशी सामानाचा टेम्पो बाहेर उभा, ड्रायव्हर फाटकाशी झटापट करतोय, मी हाका मारतेय, आणि हे गृहस्थ व्हरांड्यात उभे राहून आमच्याकडे मोठ्या उत्सुकतेने बघताहेत.

"खाली ओढा जी," शेवटी ते म्हणाले. "पाहून राहिलो होतो, आपल्या आपण समजते का तुमाले."

ड्रायव्हरने मला हळूच विचारलं, "मॅडम, पक्कं इथंच राहाचं ठरवलं का तुम्ही?"

पक्कं ठरवलं होतं. सीताबर्डीला माझी बँक, तिथे स्कूटीने जायला ते घर सोयीचं होतं. शिवाय खाली घरमालकीणबाई, म्हणजे काकू, होत्या. पहिल्याच संध्याकाळी त्या जिना चढून वर आल्या, कमरेवर हात ठेवून माझ्या बाथरूमकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नळ उलटा आहे बरं पोरी. आणि गिझरचं बटन कुठं आहे ते इचारू नको. ते त्याईलेच माहीत."

गिझरचं बटण जिन्यात निघालं.

काका उंच, वाळके, कायम अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. इतर निवृत्त माणसांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला स्क्रू फिरवायचा पेचकस असे. एका सरकारी कचेरीत ते बाबू होते आणि तिथेही त्यांनी काही सोडलं नव्हतं. साहेबांना शिपायाला बोलवायला टेबलावर हात मारून घंटी वाजवावी लागते, हे त्यांना बघवेना. त्यांनी घंटी टेबलाखाली, पायाने दाबायची केली. साहेबांना पाय हलवायची सवय होती. दिवसभर शिपाई आत येई, साहेब त्याला बाहेर काढत, तो दाराशी पोचेपर्यंत पुन्हा घंटी. ही गोष्ट सांगताना काका स्वतः हसत नसत. "साहेबानं पाय हलवाले नाही पाह्यजे होते," एवढंच त्यांचं म्हणणं.

स्वतःचे पाय मात्र सकाळी जागे झाल्यापासून चालू. चहा फेऱ्या घालत पीत. जेवण उभ्याने, ताट ओट्यावर ठेवून, मधेच एक घास तोंडात घालून अंगणात जाऊन येत. टीव्हीवरच्या बातम्या दाराच्या चौकटीला हात टेकून बघत. "बसा ना काका," म्हटलं की म्हणत, "बसूनच तं राहिलो," आणि उभेच असत. काकू म्हणायच्या, "यांच्या पायाले भिंगरी लावूनच धाडलं वं यांच्या मायनं."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. नवीन काही घरात आलं, साधा कुकर का असेना, की खोक्यातून काढता काढता म्हणणार, "वस्तू दुकानातून अर्धीच येते मॅडम. कंपनीवाल्याले काय मालूम, ती कोणाच्या हाती पडणार आहे? बाकीची अर्धी घरी करा लागते." मी बँकेत म्हणून मी मॅडम. आणि ती बाकीची अर्धी वस्तू कधी पुरी होत नसे. आज केलेलं उद्या उकलायचं, परवा तिसरंच. एकच गोष्ट दोन दिवस सारखी करणं त्यांच्याच्याने होत नव्हतं. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी खालच्या कूलरचा वारा पाइपने वर माझ्या खोलीत आणला. वारा आला की नाही सांगता येत नाही, पाणी आलं. अंथरूण भिजलं, भांडायला खाली गेले, तर ते आनंदाने म्हणाले, "म्हणजे वर पोचते! लाइन बरोबर आहे तं मंग."

मी हसले नाही. मी तशी चटकन हसणारी नाही, रागावणारी आहे. त्या घरात मला रागावायला भरपूर वाव होता.

काकू सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. ठेंगण्या, खणखणीत, हालचालीत एक सराईत घाई, पण ती नेमकी घाई, नवऱ्यासारखी भिरभिर नव्हे. हॉलमध्ये बुद्धाची पांढरी मूर्ती होती. पौर्णिमेला त्या पांढरी साडी नेसून तिच्यापुढे वंदना म्हणत आणि मग खिरीची वाटी मला वर येई. वंदनेच्या वेळी काका मागे उभे असत, डोळे मिटून, आणि तेवढ्यातही त्यांचा एक हात मूर्तीमागच्या दिव्याची वायर चाचपत असे. काकू डोळे न उघडता म्हणत, "हात खाली." हात खाली जाई.

माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात काकूंना लकवा मारला. वाचा राहिली, पाय ओढत का होईना चालू लागला, पण उजवा हात गेला. त्या खुर्चीत बसत तेव्हा तो मांडीवर पडलेला असे, तळवा वर, बोटं थोडी आत वळलेली. काकू त्याच्याकडे नर्सच्या नजरेने बघत. काका बघतच नसत. बोलताना ते काकूंच्या चेहऱ्याकडे, नाहीतर भिंतीकडे, नाहीतर पंख्याकडे बघायचे.

आता चाकूचं सांगते.

काकूंचा एक घडीचा चाकू होता. लाकडी मुठीचा, बोटभर पात्याचा, नोकरीच्या सुरुवातीला कुठल्याशा जत्रेत घेतलेला. ड्यूटीवर असताना पट्टी कापायला, पुड्या फोडायला आणि दुपारच्या सुट्टीत पेरू कापायला तो त्यांच्या बटव्यात असे. निवृत्त झाल्या तरी बटवा सुटला नाही आणि चाकूही. पात्याच्या कडेला एक बारीक खाच होती, त्यात नख अडकवून पातं ओढायचं, दुसऱ्या हाताने मूठ धरायची. म्हणजे दोन हात आले. लकव्यानंतर एकदा त्यांनी मूठ डाव्या हातात धरून पातं दातांनी ओढलं आणि ओठ कापून घेतला. मी कापूस घेऊन धावले तर मलाच म्हणाल्या, "एक पेरू खायाचा तं तीन माणसांले हाक मारा लागते वं. जीव नकोसा होते."

मी म्हटलं, "काकू, किचनमधला साधा चाकू ठेवा ना जवळ. त्याले उघडा नाही लागत."

"आणि तो उघडा चाकू उशीखाली घेऊन झोपू काय?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माझी वस्तू मले उघडता आली पाह्यजे. बाकी कापून देणारे लय आहेत."

काका दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं, आत आले, काकूंच्या मांडीवरून चाकू उचलला आणि व्हरांड्यात गेले. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही.

व्हरांड्यात एक जुनं टेबल होतं, त्याला वस्तू घट्ट धरणारा शिकंजा बसवलेला. त्यावर दिवसभर कानस चालू. कर्र कर्र आवाज वर माझ्या खोलीत येई, रविवारी तर डोकं उठे. काकांनी पात्याच्या पाठीला एक पितळी बोंड डाग देऊन जोडलं. मूठ चार बोटांत धरायची आणि अंगठ्याने ते बोंड पुढे ढकलायचं, की पातं उघडेल. पहिलं बोंड मोठं झालं, चाकू मिटेना. दुसरं इतकं छोटं की अंगठा निसटे. एक शर्टाचं बटण कापून लावलं, ते तुटलं. मूठ घासून सपाट केली, मग जास्त सपाट झाली म्हणून तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवली. मधे मधे ते स्वतःचा उजवा हात पाठीमागे धरून डाव्या हाताने चाकू उघडून बघत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यालाही तसं करायला लावत. दूधवाला, गॅसवाला, मी, सगळ्यांनी पाठीमागे हात बांधून तो चाकू उघडला आहे.

अखेर एका सकाळी तो मनासारखा झाला. काकांनी तो काकूंच्या डाव्या हातात ठेवला. काकूंनी अंगठा लावला, पातं खटकन बाहेर आलं. मी टाळी वाजवली. काकू चाकूकडे बघत राहिल्या.

"बरोबर आहे ना?" काका म्हणाले. "डाव्या अंगठ्याचा कोन घेतला मी त्याच्यात."

"डाव्या," काकू म्हणाल्या.

"हो. डाव्या."

"म्हणजे उजवा गेला म्हून तुम्ही धरूनच चालले."

मी टाळी वाजवलेले हात कुठे ठेवावेत ते मला कळेना. काकूंनी चाकू टीपॉयवर ठेवला आणि टीव्ही लावला. काका बाहेर गेले आणि अंगणात फेऱ्या घालू लागले, फाटकापर्यंत आणि परत, फाटकापर्यंत आणि परत. माझी बँकेची वेळ झाली, मी स्कूटी काढली, तरी ते चालतच होते. मला वाट द्यायलाही थांबले नाहीत, मीच बाजूने गेले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हाताचा व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येत असे, फिजिओथेरपीवाली. पहिले काही महिनेच खरे महत्त्वाचे आहेत, ती म्हणे. घरच्यांनी रोज एकेक बोट सरळ करायचं, धरून ठेवायचं, सोडायचं, मनगट फिरवायचं, खांदा फिरवायचा. रोज तेच. "रोज तेच?" काकांनी विचारलं होतं. "रोज तेच," ती म्हणाली. पहिल्या दिवशी त्यांनी केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी छताच्या हुकाला कपड्याच्या दोरीची कप्पी लावली आणि काकूंचा हात तिला बांधून वर-खाली करायला लागले. ती मुलगी आली आणि एवढी ओरडली की शेजारच्या बाई गॅलरीत आल्या. त्या दिवसानंतर काकांनी त्या हाताला हात लावला नाही. ती मुलगी यायची तेव्हा ती करायची, मला जमेल तेव्हा मी, कामाला येणाऱ्या मावशी कधीमधी. ज्यांनी करायला हवं ते बाहेर कानस चालवत होते. मला त्यांचा भयंकर राग यायचा. एकदा जिन्यात गाठून मी म्हटलंसुद्धा, "काका, चाकू पळून नाही जात. हात चालला." ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाले, "जिन्याची ही पायरी जराशी उंच आहे, नाही?"

पण काकूंचं बोलणं त्यांना लागलं होतं. त्यांनी चाकू पुन्हा खोलला. पितळी बोंड काढून पात्याच्या दुसऱ्या अंगाला लावलं, उजव्या अंगठ्यासाठी. आणि पातं मुठीत जिथे फिरतं तिथला रिव्हेट काढून एक स्क्रू बसवला. मला व्हरांड्यात बोलवून त्यांनी ते समजावलं. त्यांचे डोळे लकाकत होते. "आयका मॅडम. स्क्रू ढिला असला का पातं हलकं उघडते. कसला का जड. आता एकदम ढिला ठेवतो. तिचा अंगठा नुसता लागला तरी उघडन. मंग रोज थोडा थोडा कसत जाईन. चाकू जड होत जाईन, अंगठा ताकत धरत जाईन. आहे का नाही व्यायाम?"

कल्पना खरोखरच चांगली होती.

मग रोज संध्याकाळी, मी बँकेतून यायच्या सुमाराला, हॉलमध्ये तो कार्यक्रम चाले. काका स्टूल घेऊन काकूंच्या उजव्या बाजूला बसत. हो, बसत. चाकू त्या हातात ठेवत, बोटं मुठीभोवती वळवत, अंगठा बोंडावर टेकवत. "लाव जोर वं." काकू दात ओठांवर दाबत. अंगठा थरथरे. आणि पातं उघडे. रोज उघडे. काका म्हणत, "आज जरासा कसला होता बरं का," आणि काकू म्हणत, "जाणवलं." हे सारं होईपर्यंत चहा निवून जाई. काका गल्लीभर सांगत सुटले. किराणावाल्याला, मंडपवाल्याला, पलीकडच्या प्लॉटवर बांधकामाला आलेल्या मजुरांना. मी फोनवर माझ्या आईला सांगितलं की काकूंचा हात येतोय. मला इतकं बरं वाटत होतं की गिझरचं बटण पुन्हा जागा बदलून छतावर गेलं, तरी मी भांडले नाही.

काका मात्र अधिकच बेचैन झाले होते. खरं तर स्वस्थ व्हायला हवे होते. चहाचा कप तीन-तीन ठिकाणी विसरत. रस्त्यावर जाऊन परत येत आणि का गेलो होतो ते त्यांना आठवत नसे. एका शनिवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. ते बँकेत येऊन उभे राहिले आणि म्हणाले, चाकूत बारीक स्प्रिंग टाका लागते, चालता का? सीताबर्डीत घड्याळवाल्यांकडे, चष्मेवाल्यांकडे आम्ही हिंडलो. एकाने सांगितलं, असली स्प्रिंग जरीपटक्याच्या बाजारात मिळेल. काका म्हणाले, मेट्रोनं जाऊ, मी अजून बसलो नाही. मी स्कूटी लावली आणि आम्ही स्टेशनात गेलो.

तपासणीच्या टेबलाजवळ एक मोठा डबा होता, त्यात लोकांनी टाकलेल्या तंबाखूच्या खर्र्याच्या पुड्या आणि लायटर. त्यापुढे एक तरुण गार्ड प्रत्येकाचे खिसे चाचपत होता. त्याने काकांच्या पँटच्या खिशावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला. खिशाच्या कापडातून पात्याचं टोक बाहेर आलं होतं.

"बाबाजी, ये क्या है?"

"व्यायाम का सामान है," काका म्हणाले.

गार्डने तो टेबलावर काढला. "ये चाकू है."

"चाकूच है. पर व्यायाम का है. हमारी मिसेस के हाथ के वास्ते." आणि काकांनी त्याला समजावण्यासाठी चाकू मिटला, मूठ धरली आणि जरासा तिरपा केला. पातं आपोआप बाहेर पडलं. अंगठा लावलाच नव्हता त्यांनी.

गार्ड एक पाऊल मागे गेला. "अरे, ये तो अपने आप खुलता है!" त्याने आतून त्याच्या साहेबाला बोलावलं. साहेब बिचारा समजूतदार होता. त्याने काकांचे पांढरे केस बघितले, माझं बँकेचं ओळखपत्र बघितलं आणि म्हणाला, "काकाजी, चाकू घेऊन आत नाही जाता येणार. आणि असा आपोआप उघडणारा खिशात घेऊन फिरू नका जी. पोलिसांनी पाहिला तर भलताच अर्थ निघेल." त्याने तो रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि आम्हाला परत पाठवलं.

जिना उतरताना मी रुमाल उलगडला. चाकू मिटला, बोंडावर बोट न लावता नुसता कलता केला. उघडला. पुन्हा मिटला. पुन्हा उघडला. मिटलेला राहायचं तो विसरूनच गेला होता.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही तं रोज कसून राहिले होते ना?"

ते रस्त्याकडे बघत होते. बर्डीची शनिवारची गर्दी, कपडेवाल्यांच्या आरोळ्या, हॉर्न.

"काका."

"तिनं अंगठा लावला का उघडला पाह्यजे ना," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी उघडला. दुसऱ्या दिवशी तेवढ्यावर नाही उघडला. मंग मी जरासा ढिला केला. तिसऱ्या दिवशी आणखीन. ते पाहत होती ना माझ्याकडे." मग म्हणाले, "हात येऊन नाही राहिला मॅडम."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. मी स्कूटी काढली. ते मागे बसले. थोडं पुढे गेल्यावर मागे खुडबुड सुरू झाली, माझ्या पाठीला काहीतरी टोचलं. माझ्या पर्समधून रुमाल काढून घेऊन ते चालत्या गाडीवर पेचकसने स्क्रू कसत होते. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, स्टँडवर लावली आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

"खबरदार कसला तं. आज जाऊन काकूले सांगा. तुम्ही नाही सांगत तं मी सांगीन."

"तुमची काकू मरन गा..." ते म्हणाले. बाप्याला म्हणतात तसं गा म्हणून गेले मला, एवढं भान नव्हतं. "दिवसभर हेच एक असते तिले. संध्याकाळची वाट पाहते."

"तुम्ही सांगा," मी म्हटलं. त्यांनी पेचकस खिशाला लावला.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. काकू हॉलमध्ये खुर्चीत होत्या. काका फाटकाशी इतका वेळ घोटाळले की मला वाटलं, कडी कुठल्या बाजूला ओढायची ते तेच विसरले. मग आत आले आणि उभ्या उभ्या बोलायला लागले. मेट्रोवाल्याने पकडलं, व्यायामाचं सामान म्हटलं तरी ऐकेना, साहेब आला. काकू हसत सुटल्या, पदर डोळ्यांना लावला. "या वयात तुमाले गुंड समजले की काय जी!"

काका हसले नाहीत. मी दाराशी उभी राहून त्यांच्याकडे रोखून बघत होते. त्यांनी रुमाल उलगडला, मिटलेला चाकू काकूंपुढे धरला आणि कलता केला. पातं बाहेर आलं.

"ढिला आहे," ते म्हणाले. "रोज ढिलाच करून राहिलो होतो. एक दिवस नाही कसला."

काकूंचं हसू जागच्या जागी थांबलं नाही, हळूहळू कमी झालं. "मालूम आहे," त्या म्हणाल्या.

"कवापासून?"

"पहिल्यापासून. नर्स होती ना जी मी. लोकाइचे हात पाहण्यात जिंदगी गेली, माझा मले नाही समजन? माझा अंगठा चाकूले उघडून नव्हता राहिला. चाकूच माझ्या अंगठ्याले हलवून राहिला होता."

"मंग सांगतलं काहून नाही?"

काकूंनी डाव्या हाताने त्यांच्याकडून चाकू घेतला, पाठीकडून मांडीवर दाबून मिटवला आणि टीपॉयवर पालथा ठेवला, उघडू नये असा. ते करायला त्यांना वेळ लागला. काका मदतीला पुढे झाले, पण त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

"तेवढा वेळ तुम्ही माझ्यापाशी बसत होते," त्या म्हणाल्या. "लग्न झालं तवापासून कधी बसले काय? सांगतलं असतं तं स्टूल घेऊन उठून गेले असते."

काका लगेच बोलायला लागले. त्यांचा हात खिशातल्या पेचकसकडे गेलाच होता. "नाही, आयक वं, स्प्रिंगची आयडिया बरोबर आहे, जरीपटक्यात भेटते ते, मी उद्या ऑटोनं जातो, दुसऱ्या पद्धतीनं..."

"बसा," काकू म्हणाल्या.

ते स्टुलावर बसले. काकूंनी डाव्या हाताने आपलं उजवं मनगट उचललं आणि तो हात काकांच्या गुडघ्यावर ठेवला. ठेवला म्हणजे सोडला. काकांनी खाली बघितलं. लकवा मारल्यापासून त्यांना त्या हाताकडे बघताना मी पहिल्यांदाच बघत होते. कितीतरी वेळ ते बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "याले काय करू?"

"काही नका करू."

"व्यायाम?"

"ते पोरगी करते तेवढा पुरे. हात काही येत नाही आता जी. तुम्ही नुसता धरा."

त्यांनी धरला. आधी बोटांच्या टोकांनी, डाग देऊन नुकतीच जोडलेली वस्तू धरावी तसा. मग दोन्ही हातांत. मी वर निघून जायला हवं होतं, पण माझे पाय निघाले नाहीत.

"थंडा आहे वं तुझा हात," काका म्हणाले.

"धरून ठेवलं का होते गरम," काकू म्हणाल्या आणि त्यांनी मान मागे टेकली.

काकांची टाच फरशीवर वाजत होती, टक टक टक. त्या टकटकीने स्टूलही हलत होतं. पण ते उठले नाहीत.